भोंग्याचा रंग

बसवराजनं पेटीची एक पट्टी दाबली आणि वरच्या माळेतला पिवळा बल्ब पेटला. दुसरी दाबली, तर निळा. प्रत्येक पट्टीखालून वायर काढलेली, प्रत्येक बल्बाला जिलेटिनचा रंगीत कागद. वाचनालयाच्या सभागृहातली शहाणीसुरती मंडळी माना वर करून बघत होती. मधूनमधून तो आपल्या कविता म्हणत होता.

"लहानपणापासून मला आवाजांचे रंग दिसतात," तो म्हणाला. "गिरणीचा भोंगा झाला की डोळ्यांपुढं हिरवं पसरायचं."

त्यानं भोंग्याची पट्टी दाबली, हिरवा बल्ब पेटला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याची आई गुरम्मा पदरानं डोळे टिपत होती. तिच्या शेजारी थोरली मुलगी दाक्षायणी बसली होती.

भोंगा हिरवा दिसायचा तो दाक्षायणीला. तिनं आपले सगळे रंग एकट्या धाकट्या भावाला, बसूला सांगितले होते, आणि त्यानं आईला. पोरीला बाहेरची बाधा झाली म्हणून गुरम्मानं चुलीत सळई तापवली. बसू दाराआडून बघत होता. पुढं दाक्षायणीनं रंगांचं नाव काढलं नाही. बसूनं मात्र ते नीट लक्षात ठेवले.

दुधनीला तिच्या सासरी आमंत्रण पाठवलं तेही त्यानंच. भर सभेत त्याची अब्रू जावी, एवढ्यासाठी ती आली होती. त्यात काही पाप आहे असं तिला वाटत नव्हतं.

"आता तुमच्यापैकी कुणीही या," बसवराज म्हणाला. "पट्टी तुम्ही दाबा, भाता मी मारतो."

दाक्षायणी उठली.

"मी येऊ का, बसू?"

"ये की, अक्का." तो लोकांकडं वळला. "ही माझी बहीण. हिला यातलं काही कळत नाही."

लोक हसले. ती पेटीपुढं बसली, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि मघाशी त्यानं दाखवलेली भोंग्याची पट्टी दाबली. हिरवा उजेड तिच्या मनगटावर पडला, तिथल्या आक्रसलेल्या कातडीवर. बसवराजनं ते पाहिलं आणि भाता जोरात मारला.

"भोंगा ह्योच न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"ल्हानपणी तुलाच दिसायचा."

"सांगितलं की आत्ता."

"मग आईनं तुला डाग कुटं दिला? दाखव की."

ती आवाज चढवून बोलली नव्हती, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. गुरम्मानं पदर डोळ्यांवरून काढलाच नाही.

भात्यावरचा बसवराजचा हात थांबला. सूर विरत विरत बंद पडला. बल्ब मात्र तसाच हिरवा जळत होता, कारण दाक्षायणीनं पट्टीवरचं बोट उचललं नव्हतं.