डावीकडे अर्धा इंच

मी फुलं चिरून पाहायचा सूक्ष्मदर्शक बोलतोय. लहानसं मोठं करून दाखवणं एवढंच मला येतं. तेव्हा कुठे अतिशयोक्ती वाटली तर सवय म्हणून सोडून द्या.

मला एका घड्याळजीने घडवलं. सागवानी बैठक, पितळी दांडा, खाली दाढीच्या आरशाचा तुकडा, वर दीड महिना घासलेलं भिंग आणि दोन्ही बाजूंना मनगटं टेकायला उतरत्या फळ्या. सगळं वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीसाठी.

तिचा डावा हात वाकडा होता. लहानपणी ती जिन्यावरून पडली, तेव्हा "एवढी घड्याळं जुळवतो, एक हाड नाही जुळवता येणार?" म्हणत बापाने डॉक्टरकडे न नेता स्वतःच पट्ट्या बांधल्या. घड्याळं चालली, हात बिघडला. त्यावर घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

माझ्या फळ्या त्याने आधी सारख्याच केल्या. डावं मनगट काही टेकेना.

"जमतंय हो, बाबा," ती म्हणाली. फूल उलगडायची सुई सारखी घसरत होती.

त्याने करवत घेतली आणि डावी फळी खालून अर्धा इंच कापली. "बघ आता."

"आता बरोबर."

"उशीरच झाला जरा," म्हणून तो नाक शिंकरायला बाहेर गेला. बराच वेळ शिंकरत होता.

चाळीस वर्षं तिने माझ्यावर गवताची इवली फुलं उलगडली. मनगट टेकून टेकून डाव्या फळीत खळगा पडला. ती गेल्यावर भाच्याने मला जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांना देऊन टाकलं. "ठेवून करायचंय काय? टीव्हीत याहून मोठं दिसतं."

गृहस्थांनी मोजपट्टी लावली. "कारागीर कच्चा होता." लगेच सुताराला बोलावणं गेलं.

सुताराने खळग्यातून अंगठा फिरवला. "साहेब, ही चूक नाही. कुणाच्या तरी हाताचं माप आहे हे."

"असेल हो. पण कपाटात वाकडं दिसतं त्याचं काय?"

"मग वरून तासत नाही. खालून पट्टी चिकटवतो."

आता मी काचेच्या कपाटात सरळ उभा आहे. पाहुणे भिंगाला डोळा लावतात, खाली काहीच ठेवलेलं नसतं, तरी "वा!" म्हणतात.

कधी आलात तर डावीकडे वाकून बघा. फळीखालची फिकट पट्टी नवी आहे. सरस वाळून ती निसटली, तर कृपा करून पुन्हा चिकटवू नका. त्या माणसाने मुलीची माफी आयुष्यात एकदाच मागितली, आणि तीही करवतीने.