डबा रिकामा होता

"बाळ माझ्याकडे देऊ नकोस गं, या हाताचा भरवसा नाही," बाळ घरी आलं त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या. सुनेने ते कानाआड केलं. काम टाळायची नवी तऱ्हा, दुसरं काय! पण आता रजा संपत आली होती. सोमवारपासून ऑफिस, आणि बाळ दिवसभर सासूबाईंच्या हवाली.

खांदा आखडलाय, एवढं मात्र खरं होतं. वेणी घालायला हात मागे जात नव्हता. म्हणून काही आठवड्यांपूर्वीच थेरपिस्टबाईंकडे चकरा सुरू झाल्या होत्या. तेल नाही, रगडणं नाही. बाई दोन्ही तळवे खांद्यावर टेकवायच्या आणि नुसत्या थांबायच्या.

"स्नायूंवर पातळ आवरण असतं, काकू. संत्र्याच्या फोडीवर असतं ना, तसं. ते आखडून बसलंय. घाई केली तर रुसेल."

हात ठेवून बसायला काय, आम्हीही बसू की, असं सुनेच्या मनात यायचं. पण हळूहळू खांदा खरोखरच सुटला. सासूबाईंचा हात कानाला लागायला लागला.

बाळाला मात्र त्या अजूनही घेईनात.

मग सुनेने पाळत ठेवली. एकदा सासूबाईंनी वरच्या फळीवरचा डबा अलगद खाली काढला. तिने दाराआडून पाहिलं. आणि लगेच बाळ रडलं तर, "तूच घे गं बाई, मला नाही जमायचं." चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायच्या. सोंग आणलं की शेवटपर्यंत निभवावं लागतं म्हणे!

"तुमच्या आईला डबा उचलता येतो, नातू नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"डबा शी करत नाही," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

तिला हसू आलं नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला चारचौघांतच उठवावं लागतं, असं ठरवून पुढच्या खेपेला ती बाळासकट थेरपिस्टबाईंच्या खोलीत शिरली.

"आई, धरा जरा याला. मी बाटली धुऊन आणते."

सासूबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. "नको गं."

"का? खांदा मोकळा झालाय ना? की फक्त डब्यापुरता?"

सासूबाईंचं तोंड उतरलं. "डबा रिकामा होता," त्या म्हणाल्या. "सुटला असता तर डबाच पडला असता."

थेरपिस्टबाईंनी आपली बोटं पुढे केली. "काकू, दाबा बघू. दोन्ही हातांनी, जोरात."

डाव्या हाताने दाबल्यावर बाईंनी मान डोलावली. मग उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हंऽ, आता उजव्याने."

"दाबतेय की!"

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. "बोटांना मुंग्या येतात?"

"येतात. कधी कधी हातात काय धरलंय तेच कळत नाही."

"अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहायचं टाळलं. "सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "बाळ घरी आलं त्याच दिवशी."

बाईंनी अंथरलेली चादर परत घडी करून ठेवली. "खांदा माझं काम होतं. हे माझ्या हातातलं नाही. मानेत नस दबली असेल, नाहीतर आणखी काही. आज मी हात लावणार नाही. आधी डॉक्टर, आणि आजच."

जिन्यातच सुनेने ऑफिसला फोन करून रजा वाढवून घेतली. बाळ एका कडेवर, दुसऱ्या हातात सासूबाईंचा उजवा हात. तिने तो घट्ट धरला होता, पण त्या हाताची बोटं काही तिच्या हाताभोवती मिटेनात.

तपासण्यांचे निकाल अजून यायचेत. तिचा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, फक्त आता ती माणसाऐवजी कपाकडे बघते. आणि भेटेल त्याला सांगते, तसं तुम्हालाही सांगते: तुमच्या घरात कुणी कप दोन्ही हातांनी धरत असेल, बाळ घ्यायची वेळ आली की मागे सरत असेल, तर आजच त्यांच्या हातात आपली बोटं द्या आणि दाबायला सांगा. आणि याआधी ते काय म्हणाले होते, तेही जरा आठवून बघा.