काचेपलीकडचा खांदा

बटण अंगठ्याखाली गुळगुळीत होतं, पेनाच्या टोपणाएवढं, मागे काळी वायर – आणि एवढ्याशा वस्तूवर आपली अब्रू टांगलेली असावी याचं तिला हसू आलं.

"काकू, सुई नाही, करंट नाही, काही दुखणार नाही," हेडफोन चढवण्याआधी कान तपासणाऱ्या मुलीने तोंड समोर धरून सांगितलं होतं. "बारीक सूर येतील. अगदी पुसट आला तरी दाबायचं. नंतर कानामागे एक लहानसं यंत्र लावीन, गुदगुल्या होतील, बस. या बंद खोलीत कोंडल्यासारखं वाटलं तर हात वर करा, दार लगेच उघडेन."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाहेर बाकावरून लेक म्हणाली होती, "आई, खरंखरं उत्तर दे गं. पहिला नंबर काढायचा नाहीये."

पण ती खोड जाते थोडीच! कापडाच्या दुकानात एकवीस वर्षं उभी राहिलेली बाई. गिऱ्हाईक ठाण कसं चाचपतं यावरून ते घेणार की नुसता पसारा करून जाणार, हे हिला आधीच कळायचं. कान मंदावत गेले तसं तेच कसब तिने घरी लावलं – ओठ बघायचे, भुवया बघायच्या, चारचौघं हसली की अर्ध्या क्षणाने आपणही हसायचं. कोणाला पत्ता लागला नाही. इथेही काचेपलीकडे त्या मुलीचा उजवा खांदा किंचित हलायचा... आणि ही दाबायची. हलला – दाबलं. छान चाललं होतं...

छान. फोनवर चेहरा दिसत नाही, एवढीच अडचण. मागच्या महिन्यात लेक फोनवर बराच वेळ बोलत होती, आवाज नुसता वरखाली होत होता, आणि भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "छान, छान. बरं झालं." तीन महिन्यांचा गर्भ पडला हे सांगत होती ती – दुसऱ्या दिवशी जावयाकडून कळलं. "फोन खरखरत होता गं," हिने सारवासारव केली. "असेल," लेक म्हणाली. आणि मग ही तपासणी तिनेच ठरवली...

खांदा हलला. तिने दाबलं. आणि दाबता दाबताच लक्षात आलं – कान शाबूत निघाले, तर मग ते 'बरं झालं' शाबूत कानांनी म्हटलेलं ठरेल की!

दार उघडलं. मुलीने हिच्या कानांवरचा हेडफोन बाजूला केला. "काकू, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता. नुसतं पेन उचललं."

"हो का..." ती म्हणाली.

"खुर्ची फिरवू या का जरा?"

"फिरव बाई."

आता कानांवर पुन्हा हेडफोन आणि समोर नुसती करडी भिंत. ना ओठ, ना भुवया. कोणाच्या मागोमाग हसायचं नाही. मान कधीपासून ताठ धरली होती, हे ती सैल पडली तेव्हा कळलं. बाहेर लेक बसली असेल. तिच्यासमोर बसून काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची... एखादा सूर येऊन गेलाही असेल एवढ्यात. किंवा नसेल. तिला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसणं, कितीतरी वर्षांनी, तिने बटण न दाबता तसंच राहू दिलं.