सगळे मला खाली शोधत होते

मी एक जुनी ट्रॉली आहे. बाजारहाटाची नव्हे हं, दवाखान्यातली. पेशंटला आडवं झोपवून ढकलत नेतात ती. मित्रांनो, माझं एक चाक कुरकुरतं आणि मीही कुरकुरते, पण जरा ऐकून घ्या.

चिखलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझे पाइप वेल्डिंग करून जोडले. तिथून टेम्पोत घालून मला कुरुळीला आणलं, डॉक्टर अरुंधतीबाईंच्या हाडांच्या हॉस्पिटलात. चहूकडे कंपन्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. कुणाचा हात मशीनमध्ये जायचा, कुणी बाइकवरून घसरायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी दाराशेजारची भिंत दाखवून सांगितलं होतं, "ट्रॉलीची जागा ही. काम झालं की इथंच परत." वॉचमन कोंडीराम इथल्याच गावचे. पेशंटची गाडी दिसली की "आलो, आलो" म्हणत मला बाहेर ओढायचे. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

मग हॉस्पिटल वाढलं. वर मजला चढला, लिफ्ट आली, एक नवी चकचकीत ट्रॉली आली आणि कारभार बघायला मॅनेजर श्रीपादराव आले. माणूस वाईट नाही, पण टापटिपीचं भारी वेड. "आत शिरल्या शिरल्या ही गंजकी दिसते, बरं नाही वाटत," म्हणाले. माझ्या जागेवर सोफा आला आणि मी गेले वर, खिडकीपाशी. माझ्यावर प्लास्टरच्या सामानाची खोकी रचली. राग आला मला, खूप आला. पण ट्रॉलीच्या रागाला कोण भीक घालतो?

त्या दिवशी दुपारची शिफ्ट सुटायची वेळ होती. वरच्या वॉर्डात नव्याने लागलेला रामाशीष, बिहारकडचा, साफसफाई करत होता. त्याने माझ्यावरची खोकी उतरवली, मला पुसलं, स्वच्छ चादर घातली. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. तेवढ्यात खाली पोर्चमध्ये एक पिकअप घुसली.

मी खिडकीतून पाहिलं. मागच्या हौद्यात एक तरुण उताणा पडला होता. समाधान त्याचं नाव. गोडाउनच्या उंच रॅकवरून पाठीवर पडला होता. शुद्धीत होता, पण सारखं एकच म्हणत होता, "पाय कळेनात मला. पाय हायत ना?"

नेहा सिस्टर धावत आल्या. त्यांनी त्याच्या पायाला चिमटा काढला, त्याला कळला नाही. "कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "मणक्याला मार दिसतोय. आडवाच न्यायचा, ट्रॉलीवर."

नवी ट्रॉली ऑपरेशन थिएटरात अडकलेली. श्रीपादरावांनी घाईने वर फोन लावला, "वर ट्रॉली आहे का?"

रामाशीषने माझ्याकडे अभिमानाने बघितलं आणि सांगितलं, "खाली है, सर."

तो त्याच्या हिंदीत म्हणाला, रिकामी आहे. श्रीपादरावांनी ऐकलं, खालच्या मजल्यावर आहे. इतकी वर्षं कोंडीरामांचं "खाली हाय" ऐकून कान तसेच झालेले. फोन ठेवून ते म्हणाले, "खालीच आहे म्हणतोय, कुणीतरी आणली असेल. शोधा."

आणि सगळे मला खाली शोधायला लागले. एक्स-रेच्या खोलीत, जिन्याखाली, मागच्या शेडमध्ये. इकडे रामाशीष माझ्या दांडीला हात लावून उभा, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. अरे बाबा, ढकल ना मला, मी मनात ओरडत होते. लिफ्ट समोर होती. माझ्यावर चादरसुद्धा घातलेली होती. मित्रांनो, तसं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

खाली समाधानचा सोबती विलास चिडला. "किती थांबायचं राव? चला, दोघं काखेत धरू, दोघं पाय धरा." तो हौद्यात चढलाच. त्याने समाधानच्या काखेत हात घातला.

नेहा सिस्टर त्याच्या आडव्या आल्या. "भाऊ, आत्ता तो वाकला तर जन्मभर खुर्चीत बसेल. उचलायचं असेल तर आधी मला उचला." विलासचा हात तसाच थांबला. काढलाही नाही त्याने.

तेवढ्यात श्रीपादराव धापा टाकत वर आले. "कुठंय खाली? सगळं पालथं घातलं."

"यही तो है, सर," रामाशीषने माझ्या गादीवर थाप मारली. "खाली है."

श्रीपादरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला धरलं आणि लिफ्टकडे पळवलं. धक्के बसत होते, चाक ओरडत होतं. खाली विलासनेच एक बाजू धरली, आणि सिस्टरांनी सांगितलं तसं सगळ्यांनी मिळून समाधानच्या खाली माझी चादर सरकवली आणि त्याला चादरीसकट, जराही न वाकवता, माझ्यावर घेतलं. त्याने माझी कड इतकी घट्ट धरली होती की थिएटरच्या दारात बोटं सोडवावी लागली.

अरुंधतीबाईंनी दुसऱ्या दिवशी सोफा हलवला आणि मला माझ्या जागेवर परत आणलं. फोनवर "खाली" म्हणायचं नाही, "रिकामी" म्हणा नाहीतर "तळमजला" म्हणा, असं ठरलं. कोंडीराम अजून चुकतात आणि स्वतःच जीभ चावतात.

समाधान आता व्यायामाला येतो. काठी घेऊन चालतो. डावा पाय चांगला आहे, उजवा ओढत चालतो. तो पडल्यामुळे, की मला शोधण्यात गेलेल्या वेळामुळे, हे बाईंनाही सांगता येत नाही. तो दारातून आत येतो तेव्हा श्रीपादराव केबिनमधून उठून उभे राहतात. त्याच्याशी नीट बोलतात, पण त्याच्या उजव्या पायाकडे बघायचं टाळतात.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. तुमच्या शाळेत मलमपट्टीची पेटी कुठे ठेवलीय, ते उद्या जाऊन डोळ्यांनी बघा. जागेवर नसेल तर तुमच्या वर्गाच्या बाईंना विचारा, ठेवायला लावा. कुणी पडेपर्यंत थांबू नका.