किनांतीचं चौथं प्रकरण

विदार्तीबाई, आमच्या भाषेत बू विदार्ती, आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या. प्रबंध कपाटात कुजू नयेत, जगात कुणालाही फुकट वाचता यावेत, म्हणून त्यांनी इंटरनेटवर रिपॉझिटरी, म्हणजे प्रबंधांचं खुलं भांडार, उभी केली. सर्व्हरसाठी, प्राध्यापकांच्या मनधरणीसाठी बिचाऱ्या वर्षानुवर्षं जिने चढल्या. "आली वसुलीवाली," असं लोक तोंडावर म्हणायचे. त्या हसायच्या.

जीवशास्त्राच्या किनांतीनं डोंगरातल्या एका दुर्मीळ गाणाऱ्या पक्ष्यावर प्रबंध लिहिला. जमा करताना ती म्हणाली, "बू, चौथं प्रकरण बंद ठेवता येईल? त्यात घरट्यांचे नकाशे आहेत."

"अगं, प्रत्येकालाच काहीतरी झाकायचं असतं. तुझे गाईड सर काय म्हणाले?"

"म्हणाले, बूंना विचार."

"मग राहू दे उघडं. तुझंच नाव होईल, पोरी."

किनांतीनं प्रबंध तसाच जमा केला. बूंपुढे कोण बोलणार!

प्रबंध खूप वाचला गेला. बूंनी कुलगुरूंना कौतुकानं दाखवला.

विणीचा हंगाम सरल्यावर किनांती डोंगरावरून थेट ग्रंथालयात आली. बूट चिखलानं भरलेले.

"पक्षी धरायला फांद्यांना चिकट डिंक फासलाय, बू. नकाशातल्या एकूण एक झाडाला. साधी शीळसुद्धा ऐकू आली नाही."

बूंनी तिच्यासमोरच ते प्रकरण बंद केलं. "हे बघ, झालं," म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा पडला. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती कशा बंद करणार?

रविवारी दोघी पक्ष्यांच्या बाजारात गेल्या. एका पिंजऱ्यातला पक्षी गात होता; तिथे किनांती थबकली.

"घ्या की, बू," विक्रेता म्हणाला. "पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरवा, शेजारी जळतील नुसते!"

"शेवटी सूर असा वर नेतात ते फक्त आमच्या डोंगरातले," किनांती हळूच म्हणाली. "पिल्लं म्हाताऱ्या नरांकडून शिकतात. आता कुणाकडून शिकणार?"

"मला शिव्या तरी दे गं."

"देऊन काय होणार, बू?"

पुढे किनांतीनं सेमारांग शहरात बँकेत नोकरी धरली. बूंनी मागेल त्याच्या प्रबंधाला कुलूप लावण्याची सोय केली. मग प्राध्यापकांच्या मागण्यांना ऊतच आला. "आमच्याही प्रबंधात घरटी आहेत हो, बू!" असं म्हणत ते सर्रास कुलूप मागू लागले. पूर्वीच्या बू अशांशी तासभर भांडल्या असत्या. आता त्या मान खाली घालून कुलूप लावत. वर्षभरात निम्मी रिपॉझिटरी बंद झाली.