दोन दिवसांच्या चकत्या

मी चक्की बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माणसांचं माझ्याशी वागणंच तसं नाही.

मला या घरात आणलं थोरल्याने. चार दिवस कौतुक केलं आणि मग मागच्या खोलीत ढकललं. माझ्या डोक्यावर फाटकी पोती, मोडक्या छत्र्या. कुणी साधं फडकंसुद्धा मारलं नाही.

बाहेर काढलं ते धाकटीने, त्याच्या भावजयीने. घरच्या केळीच्या बागेत व्यापारी यायचा तेव्हा वाकडी, बारकी केळी नाक मुरडून बाजूला टाकायचा. ती तशीच सडायची. धाकटीने ती हिरवी असतानाच सोलायला घेतली. चिकाने हात काळेकुट्ट! पातळ चकत्या करायच्या, मिठाच्या पाण्यातून काढायच्या, छपरावर जाळीखाली वाळवायच्या.

"केळ्याचं पीठ? उद्या सालींचे कपडे शिवशील!" थोरला खो खो हसला. तिचा नवरा भावापुढे तोंड उघडेल तर शपथ.

धाकटीचा नियम एकच. चकती कडकन मोडली तरच माझ्यात टाकायची, वाकली तर परत उन्हात. मग तीन काय, चार दिवस लागोत. पीठ कसं हलकं पडायचं! घरच्या पोरांची पोटं भरून उरलेलं बेकरीवाल्या बाई बिस्किटांसाठी न्यायच्या. धाकटीला आता कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

नेमकं तेच थोरल्याच्या डोळ्यांत खुपलं. धाकटी बहिणीच्या बाळंतपणाला गेली, तेवढ्यात याने दोनच दिवस वाळलेल्या चकत्या माझ्यात ओतल्या.

"तीन दिवस कशाला? नुसती नाटकं!"

चामड्यासारख्या चिवट चकत्या त्या. मी तापले, घरघरले, जळका वास सोडला. मेल्याने उलट मलाच लाथ घातली! ओलसर पीठ पिशव्यांत भरून, धाकटीचं म्हणून बेकरीत देऊन मोकळा.

धाकटी परतली. तिने घातलेला नवा माल अजून छपरावरच होता, म्हणून मी बंद होते. तेवढ्यात बेकरीवाल्या बाई पिशव्या घेऊन दारात. आत हिरवी बुरशी.

"तुझ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला गं मी. आता बास झालं."

"चक्कीच भिकार आहे," थोरला लगेच म्हणाला. "भंगारात घालतो. आणि तू बस गप स्वयंपाकघरात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण धाकटीने पाना घेतला, नट सोडले आणि सगळ्यांसमोर माझा वरचा दगड उचलला. खाली तपकिरी, चिकट थर. त्यात चकत्यांचे तुकडे जसेच्या तसे. तिने एक खरवडून काढला. तो वाकला, मोडला नाही.

"भाऊजी, मी नसताना दळलंत तुम्ही. चक्की खराब, पण माल चांगला होता ना?" तिने तो त्याच्या तोंडापुढे धरला. "मग खा."

थोरला दोन पावलं मागे सरकला.

बाईंनी सगळं पाहिलं. "नवा माल वाळला की निरोप दे," त्या धाकटीला म्हणाल्या. "पण दळायचं तू. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

आता माझ्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली धाकटीपाशी. थोरल्याने माफी मागितलेली नाही. तिची नाही, मग माझी कुठली! माणसांनो, एवढंच सांगते, तुमची घाई आमच्या माथी मारू नका.

काल तो धान्याचा डबा घेऊन आला. "जरा दळून देतेस?" आवाज काय मऊ!

"थांबा," धाकटी म्हणाली. "आधी माझं होऊ दे."

दुपारपर्यंत दारात उभा होता. मी मुद्दाम सावकाश फिरले.