जखमेचा व्यास

दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती बसायची, आणि तिथे येणारे कपडे काय काय घेऊन येतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. रक्त, ओकारी, तान्ह्या मुलांची घाण. आपल्याला आता कशाची म्हणून किळस येणार नाही, असा तिचा समज होता. सासऱ्यांच्या पायाला जखम झाली आणि पहिल्याच दिवशी तो समज खोटा ठरला.

सासरे गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणत. साखरेच्या आजाराने पायांची जाणीव गेलेली, त्यामुळे नवा बूट चावला तो त्यांना कळलाच नाही. मोजा काढायला गेले तर तो मांसाला चिकटून बसलेला. जखम टाचेच्या वर, मागच्या बाजूला, अशा जागी की मास्तरांना स्वतःला दिसायची नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं, एक दिवसाआड पट्टी बदला आणि दर सोमवारी जखमेची रुंदी फोनवर कळवा.

“नुसती रुंदी?” मास्तर म्हणाले. “गोल आहे ना? मग क्षेत्रफळ कळवतो.”

सिस्टर हसली. “कळवा ना आजोबा.”

मास्तरांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. गिऱ्हाइकाला हवं ते ऐकवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी तो पट्टी सोडायला बसला, जखम पाहिली आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाला. तेव्हापासून ते काम न सांगता तिच्या गळ्यात पडलं.

मास्तर पलंगावर पालथे पडायचे. ती खाली बसून श्वास रोखायची आणि जाळीचं कापड हळूहळू सोलायची. आतला पिवळट चिकटा कापडाबरोबर तार धरून वर यायचा. एक गोडसर वास यायचा, आणि घाणेरड्या वासापेक्षा तो गोडसरपणाच तिला सोसायचा नाही. मग ती पारदर्शक फूटपट्टी जखमेवर धरायची.

“व्यास?” उशीतून आवाज यायचा.

“पाच सेंटिमीटर.”

“त्रिज्या?”

“अडीच.”

“अडीचचा वर्ग?”

ती अडखळायची. हातात बरबटलेला बोळा आणि डोक्यात वर्ग.

“सव्वासहा. त्याला पायने, म्हणजे बावीस सप्तमांशाने, गुण. नववीत कोण होता गं तुझा मास्तर? माझ्यापुढे आणून उभा कर त्याला.” मग स्वतःच उत्तर काढायचे, “साडेएकोणीसच्या वर,” आणि दर वेळी तोच विनोद करायचे. “पायाचं क्षेत्रफळ काढायचं तर पाय लागणारच की.”

ती हसायची नाही. त्या घाणीवर वाकलेलं असताना कुणी आपली परीक्षा घ्यावी, याची तिला जखमेइतकीच शिसारी यायची. जेवताना त्यांच्या ताटाकडेसुद्धा ती बघायची नाही. एकदाच ते जरा वेगळ्या सुरात बोलले होते. “जखम मधून भरत नाही, कडेने भरते. नवी कातडी परिघावर येते आणि आत सरकते. कडेकडे लक्ष ठेव.” तेवढं मात्र तिने लक्षात ठेवलं.

मग धाकटी बहीण बाळंत झाली. तिथे हाताखाली माणूस नव्हतं. जावं की नाही, असं तिचं चाललं होतं.

“जा तू निश्चिंत,” नवरा म्हणाला. “बाप माझा आहे ना? मी करतो.”

तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत प्रथमच तो असं बोलला होता.

दर सोमवारी मास्तरांचा फोन यायचा. व्यास साडेचार झाला. पुढच्या वेळी चार. मग साडेतीन. “क्षेत्रफळ निम्म्याच्या खाली आलं बरं का, दवाखान्यालाही कळवलंय. तुझ्यापेक्षा पोराच्या हाताला गुण आहे.” ऐकून तिला थोडं लागलं, पण बहिणीच्या बाळाला थोपटताना तिने सुटकेचा श्वासही सोडला.

ती परत आली तेव्हा दार उघडताच गुलाबाच्या फवाऱ्याचा भपकारा नाकात शिरला. त्याच्या खाली दुसरा वास होता. तो गोडसर नव्हता. उन्हात मेलेल्या उंदराचा असतो तसा होता.

“मोरी तुंबलीय म्हणे,” मास्तर पलंगावरून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, अंगात कणकण होती. “रोज सांगतोय त्याला, माणूस बोलाव.”

तिने पिशवी दारातच ठेवली, हात धुतले आणि त्यांना पालथं व्हायला सांगितलं. पट्टी वरून पांढरीशुभ्र होती. ती सोडली तर खाली दुसरी पट्टी. तिच्याखाली तिसरी, पिवळी पडलेली. नवऱ्याने एकही जुनी पट्टी काढली नव्हती. जुनीवरच नवी गुंडाळत गेला होता. सगळ्यात खाली तिने स्वतः जाण्याआधी बांधलेली पट्टी होती, हिरवट काळी, भिजून लगदा झालेली. ती सुटली तशी तिला उमासा आला. मोरीपर्यंत पोचायच्या आत ती दाराशीच ओकली. तोंड धुऊन ती परत येऊन बसली.

“किती आहे?” मास्तरांनी विचारलं.

तिने जखमेची कड बोळ्याने पुसून घेतली.

“व्यास विचारतोय मी.”

तिने फूटपट्टी धरली. “सात, बाबा.”

“नीट बघ. साडेतीन असेल.”

“सात आहे.”

“दोरा घे. कडेवरून फिरव आणि मग मोज.”

तिने शिवणाचा दोरा उकळत्या पाण्यातून काढला, सुजलेल्या कडेला लागून फिरवला आणि फूटपट्टीवर ताणला. “बावीस.”

मास्तर उशीत तोंड ठेवूनच बोलले, तिला जेमतेम ऐकू येईल असं. “मग सातच. साडेअडतीस. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट.” आणि थोड्या वेळाने, “तो मला आकडे नुसते सांगत होता. मी गुणाकार करत होतो.”

तिने दवाखान्यात फोन लावला. गाडीची वाट बघत असताना नवरा कामावरून आला. सुटलेल्या पट्ट्यांचा ढीग बघून तो दाराशीच थबकला आणि नाकाला रुमाल लावला.

“मला नाही सहन होत गं,” तो म्हणाला. “किळस येते. तुला माहितीय.”

“मलाही येते.”

“बाबा खूश व्हायचे आकडा ऐकून. वाटलं, तू येईपर्यंत भरूनच येईल.”

तो चांगला इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, अंगाला अत्तर लावलं होतं. तिने त्या रुमालाकडे पाहिलं. त्याच्या हातचा पाण्याचा पेलाही आत्ता आपल्याला घेववणार नाही, असं तिला वाटलं.

दवाखान्यात सडलेला भाग कापून काढावा लागला. पाय वाचला, पण थोडक्यात. डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं. मास्तर घरी आले ते जाड चौकोनी पट्टी बांधून. नवऱ्याने त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

पट्टी अजून तीच बदलते. मास्तर आता आकडे विचारत नाहीत. ती आपणहून मोठ्याने सांगते, व्यास, त्रिज्या, वर्ग, सगळं, आणि चुकली तर ते उशीतून पुटपुटत दुरुस्त करतात. कडेला गुलाबी कातडीची बारीक रेघ दिसते का, ते ती दर वेळी बघते. वास अजूनही येतो आणि अजूनही मळमळतं.

नवरा बॅटरी धरून उभा राहतो. तिने तसं बजावलंय, आणि तोंड फिरवलंस तर प्रकाश हलेल आणि मला कळेल, असंही सांगितलंय. तो बघतो. घाम फुटतो, पण बघतो. नवऱ्याला जेवण वाढून झालं की ती आपलं ताट घेऊन आत जाऊन बसते.